मेल आला नाही? स्पॅम बघितलंस का?

'अरे, कन्फर्मेशनचा मेलच आला नाहीये मला.'
'स्पॅम बघितलंस का?'
'थांब हां... आयला, तिथेच पडलाय की!'

हा संवाद तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शेवटचा कधी झाला, आठवून बघा. फार मागे जावं लागणार नाही. फेस्टची नोंदणी, हॅकेथॉन, इंटर्नशिपचा अर्ज, ऑनलाइन कोर्सचं लॉगिन... कुठल्याही साइटवर नाव घातलं की शेवटी एकच वाक्य येतं : 'तुमच्या ई-मेलवर पाठवलेल्या लिंकवर क्लिक करा.' आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात : 'मेल दिसत नसेल तर स्पॅम फोल्डर तपासा.' हे दुसरं वाक्य आपल्या इतकं अंगवळणी पडलंय, की तो एक कबुलीजबाब आहे हे लक्षातच येत नाही. आमचं काम अर्धवट राहिलंय, उरलेलं तुम्ही करा, असा त्याचा सरळ अर्थ. मी स्वतः ते वाक्य एका साइटवर लिहिलंय, म्हणून हक्काने सांगतेय.

तीन वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजच्या फेस्टमध्ये मी रजिस्ट्रेशनच्या टीममध्ये होते. तोवर सगळं कागदी फॉर्मवर आणि फोनवर चालायचं. त्या वर्षी पहिल्यांदा साइट केली. सेकंड इयरच्या दोन मुलांनी तीन रात्री जागून बनवली आणि दिसायला खरंच भारी होती. फॉर्म भरा, मेल येईल, मेलमधल्या लिंकवर ४८ तासांत क्लिक करा, जागा पक्की. क्लिक नाही केलं तर तुमची जागा वेटिंग लिस्टमधल्या टीमला. फेक एन्ट्री टाळण्यासाठी हा नियम आम्हीच काढला होता आणि आम्हाला त्याचा कोण अभिमान!

आठवडाभरात सहाशेच्या वर फॉर्म आले. लिंकवर क्लिक केलेले निघाले दोनशेच्या आत. त्यावर आमच्या मीटिंगमध्ये जी चर्चा झाली, ती आठवली की आजही ओशाळायला होतं. 'पब्लिक सिरियस नाहीये.' 'टाइमपास म्हणून फॉर्म भरतात.' 'बाहेरच्या कॉलेजेसना डेडलाइन म्हणजे काय कळतच नाही.' मेल पोचतायत का ते बघू या, असं एकालाही वाटलं नाही. कारण टेस्टिंग झालं होतं ना! टीममधल्या सहा जणांना मेल पाठवून बघितले होते आणि सहाही जणांनी 'मिळाला' असं कळवलं होतं. त्यातल्या चौघांना तो स्पॅममध्ये मिळाला होता, हे खूप नंतर कळलं. विचारलंच नव्हतं कुणी.

फेस्टच्या पहिल्या दिवशी सकाळी साडेसातला डेस्कसमोर दहा जणांचा एक ग्रुप येऊन उभा राहिला. पथनाट्याची टीम. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून रात्रीच्या एसटीने आलेली. दोन ढोलक्या, एक डफ, काळे कुर्ते आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर झोप. मी यादी बघितली. नाव नव्हतं. 'तुमची एन्ट्री कन्फर्म झालेली नाही, स्लॉट दुसऱ्या टीमला गेलाय,' मी म्हटलं. डेस्कवर बसलेल्या माणसाच्या आवाजात जो एक तोरा येतो, तो माझ्याही आवाजात असणार. त्यांची लीडर असलेली मुलगी वाद घालायला लागली नाही. तिने फोन काढला, थोडा वेळ वरखाली केलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

'ताई, हा बघा. आलाय मेल. आत्ता दिसला. आम्ही रोज बघत होतो, वाटलं मोठं कॉलेज आहे, सावकाश पाठवत असतील.'

वर कसलंसं कर्ज मंजूर झाल्याचा मेल, खाली परदेशी लॉटरीचा मेल आणि दोन्हींच्या मधोमध आमच्या फेस्टचा लोगो.

स्लॉट सगळे भरले होते. सरांच्या हातापाया पडून त्यांना जेवणाच्या सुट्टीत, स्पर्धेच्या बाहेर, सादर करायची परवानगी मिळवली. हातात वडापाव घेतलेल्या वीस-पंचवीस जणांसमोर त्यांनी ते नाटक केलं. चांगलं होतं. त्या दिवशीच्या पहिल्या तीनात नक्की आलं असतं, असं माझं मत. ती मुलगी टीवायला होती, त्यामुळे 'पुढच्या वर्षी नक्की या' हेही तोंडातून निघेना.

पाकिटावर एक नाव, आत दुसरं

त्या रात्री साइट बनवणाऱ्या मुलाला घेऊन बसले. मेल स्पॅममध्ये गेला तर का गेला, हे शोधायची सोय आपल्या हातातच असते, हे आम्हाला त्या रात्री कळलं. तुम्हीही आत्ता करून बघा. जीमेल लॅपटॉपवर उघडा, कुठलाही मेल उघडून त्याच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर क्लिक करा आणि 'शो ओरिजिनल' निवडा. वर एक छोटा तक्ता दिसेल. त्यात तीन नावं असतात : एसपीएफ, डीकिम, डीमार्क. बँकेच्या मेलला तिन्हींपुढे 'पास' दिसेल. आमच्या मेलची अवस्था काय होती ते सांगते, पण आधी ही मंडळी कोण ते बघू.

ई-मेल ज्या नियमांवर चालतो ते एसएमटीपी १९८२ सालचं आहे. तेव्हा नेटवर्कवर मोजकी विद्यापीठं, संशोधन संस्था आणि लष्कराशी संबंधित लोक. सगळे एकमेकांच्या ओळखीतले. त्यामुळे पाठवणाऱ्याचं नाव खरं आहे का, हे तपासायची सोयच त्यात ठेवलेली नव्हती. पोस्टाच्या पाकिटावर 'प्रेषक' म्हणून मी कुणाचंही नाव लिहू शकते, पोस्टमन आधार कार्ड मागत नाही, तसंच. खरं तर नको असलेला पहिला मेल त्याच्याही आधी, १९७८च्या मे महिन्यात गेला होता. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कम्प्युटर कंपनीच्या गॅरी थ्युर्क या मार्केटिंगवाल्याने नव्या मशीनच्या डेमोचं आमंत्रण आर्पानेटवरच्या सुमारे चारशे जणांना एका झटक्यात पाठवलं. लोक भडकले. 'स्पॅम' हे नाव मात्र नंतर चिकटलं. मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींच्या १९७०च्या एका स्किटमध्ये एक हॉटेल आहे, जिथे जवळजवळ प्रत्येक पदार्थात स्पॅम नावाचं डब्यातलं डुकराचं मांस असतंच असतं. नको म्हटलं तरी ताटात पडणारी गोष्ट, म्हणून हे नाव.

पुढे या नावं चोरणाऱ्यांना आवरायला तीन पहारेकरी आले. एसपीएफ म्हणजे सोसायटीच्या वॉचमनकडची यादी. 'आमच्या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी फक्त या-या सर्व्हरना आहे,' असं डोमेनचा मालक डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या जाहीर पत्तावहीत, लिहून ठेवतो. डीकिम म्हणजे लाखेचा शिक्का. मेल निघताना त्यावर एक डिजिटल सही होते. ती तपासायची किल्ली डीएनएसमध्ये जाहीर असते. वाटेत कुणी मजकूर बदलला तर शिक्का तुटलेला दिसतो. आणि डीमार्क विचारतो तो सगळ्यात खडूस प्रश्न : पाकिटावरचं नाव आणि आतल्या पत्रावरचं नाव एकच आहे का? नसेल तर या मेलचं काय करायचं? जाऊ द्यायचा, स्पॅममध्ये टाकायचा, की दारातूनच परत पाठवायचा, ते मालकाने आधीच सांगून ठेवलेलं असतं.

आता आमचा पराक्रम. साइट एका स्वस्त होस्टिंगवर होती. मेल त्याच सर्व्हरवरून, पीएचपीच्या साध्या मेल फंक्शनने जात होते. आणि 'फ्रॉम'मध्ये आम्ही लिहिला होता फेस्टचा जीमेलचा पत्ता, कारण तो सगळ्यांना पाठ होता. म्हणजे मेल छाती ठोकून सांगत होता की मी जीमेलचा आहे, आणि येत होता भलत्याच घरून. तक्त्यात एसपीएफ पास होतं, पण होस्टिंग कंपनीच्या नावाने. डीकिम नव्हतंच. डीमार्क फेल. बँकेच्या नावाने फसवणारे लोक जे करतात, तंतोतंत तेच आम्ही केलं होतं, फक्त प्रामाणिक मनाने. मशीनला मन दिसत नाही. जीमेलच्या पत्त्याची नक्कल करू नका, असं गुगलच्या नियमांमध्ये स्पष्ट लिहिलंय. आम्ही ते वाचलंच नव्हतं.

स्वस्त शेअर्ड होस्टिंगचा अजून एक ताप असतो. एकाच सर्व्हरवर, एकाच आयपी पत्त्यावर शेकडो साइट्स राहतात. त्यातल्या एकाने जरी कचरा पाठवला तरी नाव सगळ्या बिल्डिंगचं खराब होतं. तुम्ही कितीही सज्जन असा.

'फ्री' लिहिलं म्हणून?

आमच्या टीममधल्या एकाचं ठाम मत होतं, की सब्जेक्टमधल्या 'फ्री' या शब्दाने घात केला. ही समजूत अजून सगळीकडे आहे आणि ती उगाच तयार झालेली नाही. २००२ साली पॉल ग्रॅहम या प्रोग्रामरने 'अ प्लॅन फॉर स्पॅम' नावाचा लेख लिहिला. कुठला शब्द स्पॅममध्ये किती वेळा येतो आणि चांगल्या मेलमध्ये किती वेळा, यावरून शक्यता मोजायची, अशी त्याची पद्धत. ती गाजली आणि 'शब्द जपून वापरा'चा धाक बसला. आजचे फिल्टर शब्दही बघतात, पण त्याआधी ते माणूस बघतात. पाठवणाऱ्याची ओळख पटते का? या डोमेनवरून आधी काय काय आलंय? लोकांनी ते उघडलं, की फेकून दिलं? ओळख पक्की असेल तर एखादा 'फ्री' खपून जातो.

तरीही उगाच संशय वाढवू नये. नोंदणीच्या मेलमध्ये अख्खं पोस्टर एकाच इमेजमध्ये टाकायचं आणि मजकूर शून्य, हे आपल्या फेस्टवाल्यांचं लाडकं काम. लिंक छोटी करणारी सेवा वापरणं हे दुसरं. त्याच छोट्या लिंक फसवणारेही वापरतात. तिसरं म्हणजे कन्फर्मेशनच्याच मेलमध्ये सहा स्पॉन्सरचे लोगो आणि कुपन कोड कोंबणं. नोंदणीच्या मेलला एकच काम असू दे. चार ओळी मजकूर, तुमच्या स्वतःच्या साइटची एक लिंक, कॉलेजचं नाव, खाली एक फोन नंबर. बस.

मग करायचं काय?

यंदाच्या फेस्टची साइट तुमच्या गळ्यात पडली असेल तर इथून पुढे जरा सावकाश वाचा.

मेल स्वतःच्या डोमेनच्या पत्त्यावरून पाठवा, आणि होस्टिंगच्या सर्व्हरवरून न पाठवता मेल पाठवणाऱ्या एखाद्या सेवेतून पाठवा. अशा बऱ्याच सेवा आहेत आणि थोड्या मेलसाठी काही फुकटही असतात. खातं उघडलं की त्या तुम्हाला डीएनएसमध्ये घालायच्या तीन-चार ओळी देतात. त्या कॉपी-पेस्ट करायच्या, काही तास थांबायचं, की एसपीएफ आणि डीकिम तयार. डीमार्कची ओळ वेगळी घालावी लागते. सुरुवातीला 'काही करू नका, फक्त कळवा' या सौम्य सूचनेने घाला. यात एक खड्डा आहे ज्यात आम्ही दुसऱ्या वर्षी पडलो. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच असावी लागते. कॉलेजच्या ऑफिसने आधीच एक घातली होती, आमच्या मुलाने शेजारी दुसरी घातली. दोन झाल्या की तपासणाऱ्याला एकही धड वाचता येत नाही. परवानग्या जोडायच्या असतील तर त्या एकाच ओळीत जोडायच्या.

दर वर्षी सालाचा आकडा जोडून नवं कोरं डोमेन घ्यायची हौस सोडा. नवीन डोमेनला पत नसते. काल जन्मलेल्या डोमेनवरून आज पाचशे मेल एकदम सुटले, की कुणालाही शंका येणारच. एकच डोमेन वर्षानुवर्षं ठेवा, किंवा कॉलेजच्या मूळ डोमेनखाली फेस्टसाठी एक सबडोमेन मागून घ्या. ते मिळवायला ऑफिसात तीन चकरा होतील, पण मारा.

'आम्ही गुगल फॉर्म वापरतो, आम्हाला हे लागू नाही,' म्हणणाऱ्यांसाठी : फॉर्म भरला की आपोआप मेल जावा म्हणून तुमच्यातला कुणीतरी ॲप्स स्क्रिप्ट लिहितो ना? साध्या जीमेल खात्यावर त्या स्क्रिप्टमधून दिवसाला १०० जणांनाच मेल जातो. १०१व्याला जात नाही. फॉर्म मात्र भरला जातो, शीटमध्ये नावही येतं, त्यामुळे कुणाला काही कळत नाही. हाताने पाठवायचं म्हटलं तरी साध्या जीमेलची मर्यादा दिवसाला ५००. आणि आपली अर्धी जनता शेवटच्या रात्रीच फॉर्म भरते, हे तुम्हाला माहीत आहेच.

फॉर्मवरही थोडं काम करा. घाईत 'जीमेल'चं स्पेलिंग उलटसुलट लिहिणारे खूप असतात. त्यांचे मेल परत येतात आणि परत येणाऱ्या मेलमुळे तुमची पत घसरते. म्हणून भरलेला पत्ता एकदा मोठ्या अक्षरात परत दाखवा. 'मेल पुन्हा पाठवा' असं बटण द्या. कॅप्चा लावा, नाहीतर एखादा बॉट हजार अनोळखी लोकांचे पत्ते तुमच्या फॉर्ममध्ये भरेल आणि ते हजार लोक तुम्हाला शिव्या घालत 'स्पॅम' दाबतील. टेस्टिंग करताना घरच्या सहा जणांवर भागवू नका. जीमेल, आउटलुक, याहू अशा वेगवेगळ्या खात्यांवर पाठवा आणि 'मिळाला का' याच्याऐवजी 'कुठल्या फोल्डरमध्ये मिळाला' असं विचारा.

आणि हे सगळं करूनही कुणाची तरी जागा एका मेलच्या भरवशावर ठेवू नका. फॉर्म सबमिट होताच नोंदणी क्रमांक स्क्रीनवर द्या. मोबाइल नंबर टाकून स्टेटस बघता येईल असं एक साधं पान ठेवा. क्लिक न केलेल्या टीमची जागा काढून घेण्याआधी एक फोन करा. सहाशे नाही, चाळीसच फोन असतात ते. चहा पीत पीत संध्याकाळभरात होतात.

तुमचं बोट कुठे पडतंय?

आता मेल घेणाऱ्या तुमच्याकडे. फेब्रुवारी २०२४पासून गुगल आणि याहूने नियम कडक केलेत. पाठवणाऱ्याने एसपीएफ किंवा डीकिम यातलं किमान एक केलेलं असलंच पाहिजे. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला पाच हजारांच्या घरात मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही लागतात. शिवाय जाहिरातीच्या मेलमधून एका क्लिकमध्ये बाहेर पडायची सोय द्यावी लागते. आणि 'हा स्पॅम आहे' म्हणणाऱ्यांचं प्रमाण ०.३ टक्क्यापर्यंत पोचता कामा नये. म्हणजे हजारात तीन! आपण कंटाळा आला की त्या बटणावर बोट ठेवतो. कॉलेजच्या प्लेसमेंट सेलचे मेल जास्त येतात म्हणून चिडून स्पॅम दाबणारे माझ्याच वर्गात डझनभर होते. मग खऱ्या इंटरव्ह्यूचा मेल ज्युनिअर्सच्या स्पॅममध्ये गेला तर आश्चर्य कसलं? नको असेल तर 'अनसबस्क्राइब' करा. स्पॅमचं बटण लुबाडणाऱ्यांसाठी ठेवा.

उलट, हवा असलेला मेल स्पॅममध्ये सापडला तर तिथेच वाचून सोडून देऊ नका. 'नॉट स्पॅम' दाबा, पत्ता कॉन्टॅक्टमध्ये घाला. सीईटी, स्कॉलरशिप, परदेशातली ॲडमिशन असं काही चालू असेल तर त्या पत्त्यासाठी जीमेलमध्ये फिल्टर बनवून 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम'वर टिक करा. दोन मिनिटांचं काम आहे. स्पॅम आठवड्यातून एकदा चाळा, कारण जीमेल तिथला मेल ३० दिवसांनी कायमचा पुसतं. 'प्रमोशन्स'चा टॅब वेगळा, तो स्पॅम नव्हे. तिथेही एक नजर टाका. आणि ट्रेकचे व्हिडिओ साठवून १५ जीबी भरून टाकले असतील, तर मेल स्पॅममध्येही येणार नाही, बाहेरच्या बाहेर परत जाईल. मग साइटवाल्यांना शिव्या घालू नका.

फक्त स्पॅममधून काही बाहेर काढताना आधी पूर्ण पत्ता वाचा, विशेषतः 'ॲट'च्या पुढचा भाग. नाव मोठ्या कंपनीचं आणि पुढे भलतंच डोमेन असेल, वर 'इंटर्नशिप पक्की, फक्त डिपॉझिट भरा' असं असेल, तर तो मेल योग्य जागी पडलाय. राहू द्या तिथेच.

परवा आमच्या कॉलेजमधून यंदाच्या टेक टीमच्या मुलीचा फोन आला. 'ताई, शो ओरिजिनलमध्ये तिन्ही पास दिसतायत!' मी विचारलं, याहूवर बघितलंस का? आउटलुकवर? ती म्हणाली, 'याहू कोण वापरतं गं आता?' म्हटलं, फॉर्म भरणाऱ्यांची यादी उघड आणि पत्ते बघ. पाच मिनिटांनी तिचा मेसेज आला : 'सतरा जण आहेत. थांब, एक अकाउंट काढते.'